चाळिसावी जोडी

१

कपाट फोडलेलं नव्हतं, इथेच सगळं बिनसलं.

फोडलेलं असतं तर तपासनीस मुलीवर कुणी बोट रोखलं नसतं. पण कुलूप शाबूत होतं, कडी जागच्या जागी होती. आत चाळीस-चाळीस कागदांचे दोन गठ्ठे सुतळीने बांधून ठेवलेले, आणि शेजारी निळ्या पुठ्ठ्याची वही असायची तिथे नुसती चौकोनी जागा. किल्ली एकच, आणि ती मुलीच्या पर्समध्ये. आता संशय कुणावर जाणार ते काय ज्योतिषाला विचारायला हवं?

गणितबाई सकाळी नवाला गिरणीत पोचल्या तेव्हा मुलगी त्या उघड्या कपाटासमोर स्टुलावर बसली होती. बाहेर आभाळ धुरकट, आत दिवा पिवळा. भिंतीपलीकडून मागांचा खडखडाट येत होता. त्या खोलीतली टेबलावरची पेन्सिलसुद्धा त्याने सतत थरथरायची.

"बाई, वही गेली," मुलगी म्हणाली.

"दिसतंय ते. रडून झालं असेल तर उठ."

गणितबाईंनी एकतीस वर्षं कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलं होतं. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी माणसांशी बोलताना त्यांचा सूर फळ्यासमोरचाच राहिला. ही मुलगी त्यांची विद्यार्थिनी. गिरणीतल्या चाळीस विणकरांचे कान तपासायचं काम तिला मिळालं, आणि ते कसं करायचं याचा आराखडा बाईंनी घालून दिला होता. आपल्या आराखड्याला कुणी हात लावला की बाईंना घरात चोर शिरल्यासारखं वाटायचं. इथे तर तो खरोखरच शिरला होता.

तपासणी साधी होती. काचेच्या खोलीत हेडफोन लावून बसायचं, सूर ऐकू आला की बोट वर करायचं. जितका मोठा आवाज लागला तो आकडा. आकडा मोठा तितका कान गेलेला. गेल्या वर्षी एकदा, यंदा एकदा. कागदावर नाव नाही, फक्त नंबर. दर वर्षी दारात पिशवीतून नवा बिल्ला काढायचा, म्हणजे गेल्या वर्षीचा आकडा बघून कुणी यंदाचा ठरवायला नको. कोणत्या माणसाचे कोणते दोन नंबर, हे फक्त त्या निळ्या वहीत. वहीला लाखेचं सील. आज चार वाजता चौकशी समितीसमोर ते फुटायचं होतं, आणि एकेक नाव वाचून दोन आकडे शेजारी शेजारी ठेवायचे होते.

फरक सिद्ध झाला तर मागखात्यात आवाज अडवणाऱ्या भिंती उभ्या राहणार होत्या. नाही झाला तर प्रकरण बंद.

"आणि मॅनेजर म्हणतात, आकडे मीच मनाने लिहिले आणि पकडली जाईन म्हणून वही गायब केली," मुलगी म्हणाली. "चारपर्यंत वही नाही आली तर मी घरी बसायचं. पुन्हा कुठे तपासनीस म्हणून उभंही करणार नाहीत."

गणितबाईंनी घड्याळाकडे पाहिलं. सात तास होते.

२

मॅनेजर खुशीत होता आणि ते लपवायचा प्रयत्न करत होता. दोन्ही गोष्टी त्याला नीट जमत नव्हत्या.

"अहो, वही हवी कशाला? सरासरी आहे की! गेल्या वर्षी चोवीस, यंदा एकोणतीस. पाचाचा फरक. आणि माणसामाणसांत बघा. गेल्या वर्षी कुणाचे दहा, तर एकाचे साठ! पन्नासाच्या पसाऱ्यात पाचाचं काय घेऊन बसलात?"

गणितबाईंना राग आला, कारण तो बरोबर बोलत होता. वही नसेल तर एवढा मोठा पसारा पाचाला गिळून टाकणार होता.

"तुमच्या घरी मुलं आहेत?" त्यांनी विचारलं.

"आहेत. दोन."

"त्यांची उंची दाराच्या चौकटीवर खूण करून मोजता ना? की आपला मुलगा वाढला का ते शेजाऱ्याच्या मुलाशेजारी उभं करून बघता?"

मॅनेजर टेबलावरचे कागद सरकवू लागला.

"ज्याची त्याच्याशीच तुलना. मग चार बोटं वाढ असली तरी लपत नाही. त्यासाठी वही." बाई उठल्या. "कपाट काल शेवटचं कुणी बघितलं?"

"मीच. संध्याकाळी मुलीकडून कपाट उघडून घेतलं, सील तपासून गेलो. आणि बाई, मला तपासणी बुडवायची असती तर मी ते गठ्ठेच नसते का जाळले? नुसती वही नेऊन काय करू?"

दारातून बाहेर पडताना बाई थबकल्या. माणूस आपली सुटका करून घ्यायला बोलला, पण लाखाचं बोलून गेला.

गिरणीचा डॉक्टर आपल्या खोलीत पेपर वाचत होता. पेपर खाली न ठेवताच त्याने कानांवर हात ठेवले, म्हणजे त्याला काही ठाऊक नव्हतं. "नियमाप्रमाणे माझ्या वाट्याला दोन डोकी आली, तेवढी तपासली. बाकी मी तिकडे फिरकलोही नाही."

"तपासताना चेहरे बघता?"

"मी नंबर बघतो. चेहरा बघून कान कळत नाहीत." एवढं बोलून त्याने हिरव्या शाईच्या पेनाने पेपरातल्या शब्दकोड्याचं एक घर भरलं.

तिसरा हजेरीबाबू. वहीत नावं आणि बिल्ल्यांचे नंबर त्याने दारात बसून लिहिलेले. त्याची पाचावर धारण बसली होती. "मी फक्त लिहिलं, बाई. माणूस समोर आला, बिल्ला काढला, मी नाव लिहिलं, तो आत गेला. पुढे आत काय झालं ते देव जाणे."

"आत जाईपर्यंत तुमचं लक्ष असतं?"

"रांग असते हो. वाटेत कुणी बिडी ओढायला थांबतो, कुणी बोलत बसतो. किती जणांवर लक्ष ठेवू?"

गणितबाई परत मुलीकडे आल्या. "पोरी, आपण साप समजून भुई धोपटतोय. ज्याला आकड्यांची भीती असते, तो आकडे चोरतो. चोराने आकडे जपून ठेवले, सुतळीची गाठसुद्धा सोडली नाही. नेली फक्त नावं."

"म्हणजे?"

"त्याला तपासणी बुडवायची नव्हती. त्याला एक नाव बुडवायचं होतं."

३

जेवणाच्या सुटीत माग थांबले. शांतता इतकी अचानक आली की बाईंना कानात भोकं पडल्यासारखं वाटलं.

अंगणात नळापाशी मुलीचे वडील बसले होते. गिरणीत त्यांना सगळे वस्ताद म्हणायचे. तीस वर्षं माग चालवलेला माणूस. तुटलेला धागा धावत्या मागावर सांधावा तर त्यांनीच. कान तपासा, अशी मागणी घेऊन मॅनेजरच्या दारात पहिल्यांदा उभे राहिले तेही हेच. शेजारी त्यांचा धाकटा भाऊ होता, मुलीचा काका. त्याच्या डाव्या हाताला जाडजूड पट्टी होती.

"हाताला काय झालं?" बाईंनी विचारलं.

"माग," काका म्हणाला. "महिना झाला. दोन बोटं गेली. माझीच चूक."

तो वस्तादांकडे न बघता बोलला. वस्तादही खाली बघत राहिले.

बाई त्यांच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या. "वस्ताद, वही कुणी नेली असेल?"

"ते कळलं तर मीच त्याचं मुंडकं पिरगाळीन," वस्ताद मोठ्याने म्हणाले. सुटीच्या शांततेत तो आवाज भिंतीवर आपटून परत आला. "माझ्या लेकीवर आळ! चाळीस माणसांचं काम तिने केलं, आणि चोर ती?"

बोलता बोलता त्यांचे डोळे भरले. ते खोटे नव्हते, हे बाईंना नक्की दिसलं, आणि त्यामुळेच पुढे त्यांना जास्त त्रास झाला.

वस्ताद उठून मागखात्याकडे चालू लागले. पाच पावलं गेले असतील, तोच बाईंना एक आठवलं. "वस्ताद, लेकीची पर्स घरी कुठे असते?"

ते थांबले नाहीत, वळलेही नाहीत.

"रागावलेत ते," बाईंबरोबर आलेली मुलगी हळूच म्हणाली. "सकाळपासून कुणाशी धड बोलत नाहीत. आणि पर्स ना? दारामागच्या खिळ्याला असते, बाई. घरात आम्ही तिघंच. मी, बाबा आणि काका."

काका पट्टीवरचा सुटा दोरा गुंडाळत बसला होता.

४

"वही विसर," बाई दार लावून म्हणाल्या. "जोड्या आपण लावू."

"नावांशिवाय?"

"चोराने एक जोडी मोडली. पण प्रत्येक माणूस एक जोडी डोक्यावरच घेऊन फिरतो, ती कशी चोरणार? कान दोन असतात, पोरी!"

मुलीच्या चेहऱ्यावर सकाळपासून पहिल्यांदा उजेड आला. प्रत्येक कागदावर डावा कान वेगळा, उजवा वेगळा, आणि प्रत्येकाचे सहा सुरांवरचे सहा आकडे. ज्याचा माग भिंतीकडे त्याचा भिंतीकडचा कान जास्त गेलेला. एखाद्याला लहानपणी कान फुटल्यामुळे एकाच सुरावर खड्डा. वर्षभरात आकडे थोडे चढतील, पण चालीवरून माणूस ओळखावा तशी त्या बारा आकड्यांची चाल ओळखता येणार.

दोघींनी ऐंशी कागद फरशीवर मांडले. डावीकडे गेलं वर्ष, उजवीकडे यंदाचं. मग गुडघ्यांवर रांगत एकेक जोडी जुळवत गेल्या. पहिल्या दहा जोड्यांना तास गेला, पुढच्या भराभर लागल्या. प्रत्येक जोडीत आकडा चढलेलाच: चार, सात, सहा, पाच, आठ. ज्याचा कान चांगला त्याचा थोडा गेलेला, ज्याचा वाईट त्याचाही थोडा गेलेला. सुटलं कुणीच नव्हतं.

"सरासरी सहा," मुलगी म्हणाली. "बाई, सहा येतेय! पण मॅनेजरांची तर पाच होती?"

"त्यांनी चाळीस धरलेत. तू किती लावल्यास?"

"एकोणचाळीस."

फरशीवर दोन कागद उरले होते. डावीकडचा गेल्या वर्षीचा: दोन्ही कान वाईट, सरासरी साठ. उजवीकडचा यंदाचा: सरासरी बावीस.

"हे दोन एकाच माणसाचे?" मुलगी हसली. "वर्षभर मागावर उभं राहून कान अडतीसने सुधारले?"

"कान तरुण होत नाहीत. बावीसवाल्याकडे नीट बघ. डाव्या कानात चौथ्या सुरावर खड्डा आहे. असा खड्डा आणखी कुठे बघितलास?"

मुलीने लावलेल्या जोड्या पुन्हा चाळल्या. अकराव्या जोडीपाशी तिचा हात थांबला. तोच कान, तोच सूर, तोच खड्डा, बाकीचे आकडेही एका-दोनाच्या फरकाने सारखे.

"एका माणसाचे तीन कागद," ती म्हणाली. "यंदा तो दोनदा येऊन बसला. एकदा स्वतःसाठी, एकदा..."

"साठवाल्यासाठी. वाटेत त्याचा बिल्लाही याने घेतला. आज नावं वाचली असती तर साठाशेजारी बावीस आलं असतं. सगळ्यांना दिसलं असतं."

"पण मी ओळखलं असतं, बाई! चाळीसही चेहरे मला पाठ आहेत. एकच माणूस दोनदा माझ्यासमोर..."

खड्डा असलेले यंदाचे दोन्ही कागद तिने खिडकीपाशी नेले. यंदाचे बाकी सगळे कागद तिच्या निळ्या शाईतले होते. हे दोन हिरव्या शाईतले होते.

घरच्या माणसाची तपासणी घरच्याने करायची नाही, हा नियम बाईंचाच. डॉक्टरने फक्त दोन डोकी तपासली होती.

५

तीन वाजले होते. मागखात्याच्या दारात काका सुताच्या फुटक्या कांड्या निवडत बसला होता. हात गेल्यापासून त्याला तेच काम. बाईंनी त्याला जिन्याखाली, जरा आवाज कमी होता तिथे बोलावलं आणि तीन कागद पुढे धरले. त्याला आकडे कळत नव्हते, पण पुतणीचा चेहरा कळला. तो पायरीवर बसला.

"कान माझेच आहेत," तो म्हणाला. "पहिल्या तपासणीनंतर दादा घरी आला आणि रात्रभर नुसता बसून होता. म्हणाला, आत काहीच वाजत नव्हतं रे. कळलं तर मागावरून काढतील, गोदामात झाडू हातात देतील. वस्तादच्या हातात झाडू! भावासाठी एवढं तर करावंच, म्हटलं."

"घरी कसं नाही कळलं मला?" मुलगी म्हणाली.

"तो ओठ वाचतो गं. मागखात्यात सगळेच वाचतात. तुझ्यासमोर बसतो, तुझ्या तोंडाकडे बघतो. तुला वाटतं, बाबांचा किती जीव आहे. आहेच तो. पण ऐकू येत नाही."

मुलीने पट्टीकडे पाहिलं. "काका, ही बोटं..."

उत्तर मागून आलं.

"ओरडला होता तो." वस्ताद दारात उभे होते. किती वेळ ते ओठ बघत होते कुणास ठाऊक. "चार माग पलीकडचे धावत आले. मी दोन हातांवर पाठमोरा धागा सांधत होतो. माग थांबवायचा दांडा माझ्या हाताशी होता. त्याने कान दिले मला, आणि मी त्याला..."

ते पायरीपाशी आले. भावाने उजवा हात त्यांच्या गुडघ्यावर ठेवला.

विचारायचं ते बाईंनी विचारलं, अगदी समोर उभं राहून. "लेकीवर आळ येईल हे सुचलं नाही?"

"नाही हो! तिनेच तर सांगितलं होतं जेवताना. जोड्या लावा नाहीतर नका लावू, सरासरी फरक तेवढाच येतो. मग म्हटलं, वही गेली म्हणून काय बिघडतं? बाकीच्यांचं काम होईल, माझं तेवढं झाकलं जाईल. सकाळी मॅनेजर बोलला तेव्हा कळलं. मग जीभच उचलेना."

"बाबा, मी पुढेही बोलले होते."

"कधी?"

"तेव्हाच. पाणी घ्यायला माठाकडे वळले होते, आणि बोलत होते."

"वळलीस ना," वस्ताद म्हणाले.

मागांचा खडखडाट चालूच होता. त्या चौघांमध्ये आता तो न ऐकणारा एकटाच माणूस होता.

बाईंनी घड्याळ पाहिलं. "एकोणचाळीस जोड्या माझ्याकडे आहेत. नाव न घेता मी चाळिसावी वगळू शकते. पण का वगळली ते विचारतील, आणि मी खोटं बोलणार नाही. काय करायचं ते तुम्ही ठरवा."

वस्ताद मागखात्यात निघून गेले.

६

चार वाजता समितीचे तिघे काचेच्या खोलीबाहेर टेबलाशी बसले. गणितबाईंनी एकोणचाळीस जोड्या मांडल्या. मधल्या अध्यक्षांनी प्रत्येक फरकावर बोट ठेवत कागद पाहिले, आणि शेवटी बोट थांबवलं.

"चाळिसावी?"

"तिच्यात खोट आहे," बाई म्हणाल्या.

"बघा!" मॅनेजर उसळला. "शितावरून भाताची परीक्षा! एक खोटी म्हणजे सगळ्याच..."

"खोटा मी."

वस्ताद आत आले. मागून भाऊ. त्यांनी सदऱ्याआडून निळी वही काढून टेबलावर ठेवली. सील तसंच होतं. "काल रात्री लेकीच्या पर्समधून किल्ली घेतली, नेली. यंदा माझ्या जागी हा बसला, मी सांगितलं म्हणून. लेकीला यातलं काही माहीत नव्हतं. साठवाला मी. आता बसवा मला आत, आत्ताच्या आत्ता, सगळ्यांसमोर."

अध्यक्षांनी डॉक्टरकडे पाहिलं. डॉक्टर आपल्या बुटांकडे बघत होता.

"ती तपासेल," बाई म्हणाल्या. "नियम मी केला होता, मीच मोडते. बघायला सगळे आहात."

मुलगी वडिलांसमोर गेली, हेडफोन चढवला आणि सावकाश म्हणाली, "बाबा, माझ्याकडे पाठ करून बसा. ऐकू आलं की बोट वर."

ते वळून बसले. दार उघडंच ठेवलं होतं, मॅनेजर उंबऱ्यावर उभा. मुलीने बटण फिरवलं. वीस. तीस. चाळीस. वस्तादांचा हात मांडीवर होता. पन्नास. साठ. गेल्या वर्षी इथे ते बोट उठलं होतं. पासष्ट. मुलीने बटण आणखी पुढे नेलं. सत्तर.

"वाजतंय की," मॅनेजर पुटपुटला. हेडफोनमधून गळणारा तो बारीक सूर त्याला उंबऱ्यावर ऐकू येत होता. त्याने एकदा टेबलाकडे पाहिलं, मग खाली मान घातली.

पंच्याहत्तरला बोट उठलं, तेही अर्धंच, खात्री नसल्यासारखं. भाऊ भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

मुलीने निळ्या शाईने आकडा लिहिला. अध्यक्षांनी वहीचं सील फोडलं, वस्तादांच्या नावासमोरचे दोन नंबर शोधले, त्या नंबरांचे कागद शेजारी शेजारी ठेवले, यंदाच्या कागदावरचं बावीस खोडून त्यावर पंच्याहत्तर लिहिलं आणि खाली सही केली. भिंती होईपर्यंत मागखातं बंद, वस्ताद मागावरून खाली, एवढं त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं. मुलीची नोकरी राहिली. तिला मात्र ते विचारायचंही सुचलं नाही.

पलीकडे एकामागून एक माग थांबत गेले. शेवटचा थांबला तेव्हा सगळ्यांनी नकळत वर पाहिलं. वस्ताद तेवढे तसेच बसून होते, हेडफोन डोक्यावर, पुढच्या सुराची वाट बघत.

मुलगी आत गेली. त्यांच्या पुढ्यात गुडघ्यांवर बसली, हेडफोन काढला, आणि ते तिच्या तोंडाकडे बघेपर्यंत थांबली.

"जोड्या लावा नाहीतर नका लावू, सरासरी फरक तेवढाच येतो, बाबा," ती म्हणाली. "पण जोड्या नसतील तर कुणाचं काय गेलं, ते कुणालाच कळत नाही."

वस्तादांनी मान हलवली. मग त्या चिडीचूप गिरणीत, गरजेपेक्षा कितीतरी मोठ्या आवाजात म्हणाले, "कळलं."